मंडपात बसून कसला अभ्यास?

“मॅडम, नाटकं पाहता आणि त्याला अभ्यास म्हणता, म्हणजे नेमकं करता काय?” वर्गात विचारतात, बसस्टँडवर विचारतात, आणि धान घरात आलं की माहेरी तर हमखास विचारतात. माझं माहेर वडशापासून तासाभरावर. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. दिवाळीच्या सुमारास तिथे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगल-धानाच्या पट्ट्यातल्या, नाटक कंपन्यांची ऑफिसं गजबजतात, गावोगावची मंडळं जाऊन तारखा घेतात. मग होळीपर्यंत आज या गावात, उद्या त्या गावात रात्रभर नाटक. जिथे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असतो तिथे दिवसा पट, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे, आणि त्या पाहुण्यांत एखादी सोयरीकही जमून जाते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी पाहते ते हे.

अशा नाटकांना ‘लोकप्रिय’ म्हणतात, इंग्रजीत ‘पॉप्युलर’, आणि पहिला घोळ या शब्दातच आहे. रेमंड विल्यम्स या वेल्श अभ्यासकाने १९७६ साली या शब्दाचे चार अर्थ वेगळे काढून दाखवले: पुष्कळांना आवडणारं, हलक्या दर्जाचं, लोकांची मर्जी राखायला मुद्दाम केलेलं, आणि लोकांनी स्वतःसाठी स्वतः घडवलेलं. आपण भांडतो ते यामुळेच. एकाच्या मनात दुसरा अर्थ असतो, दुसऱ्याच्या मनात चौथा. झाडीपट्टीच्या नाटकाला चारही लागू पडतात. दंडारीसारख्या गावच्या लोकनाट्यांशी त्याचं नातं आहे, पण तिकीट आहे, कंपनी आहे, नटाची ‘नाइट’, म्हणजे एका रात्रीचे पैसे, ठरलेली आहे.

कॉलेजात मी अडोर्नो आणि हॉर्कहायमर या जर्मन विचारवंतांचा ‘संस्कृती-उद्योग’ शिकवते. हिटलरच्या जर्मनीतून निसटून अमेरिकेत आलेल्या या दोघांनी १९४० च्या दशकात लिहिलं, की सिनेमा आणि रेडिओ आता कारखान्यातल्या मालासारखे निघतात; साचा एकच, वरचा रंग तेवढा निराळा. वाचताना मला आपलीच पोस्टरं आठवली. सोशिक सून, दारुडा नवरा, पाटलाचा माजलेला पोरगा, मध्ये विनोदी नोकर. साचा म्हणाल तर साचाच. मीही वही घेऊन मंडपात बसले ती असला साचा टिपायला, आणि पहिले दोन हंगाम तेवढंच टिपत राहिले.

तिसऱ्या हंगामात शेजारच्या काकूंच्या सतरंजीवर बसले. रात्रीचा दीड वाजला असेल. स्टेजवर सून नवऱ्याचे पाय धरून रडत होती, ऑर्गन तिच्याहून जोरात रडत होता. काकूंचा पदर डोळ्यांना. मी वहीत लिहिलं, ‘प्रेक्षक स्त्री पतिव्रतेच्या आदर्शाशी एकरूप’. तेवढ्यात काकू नाक पुसत शेजारी बसलेल्या आपल्या सुनेला म्हणाल्या, “कायले पाय धरते व त्याचे? दोन मइने माह्यरी जाऊन बसली असती तं आपोआप आला असता लाइनीवर.” सून म्हणाली, “मंग नाटक दीड वाजताच सरलं असतं ना जी!” दोघी हसल्या. आणि पुढच्या प्रवेशाला पुन्हा रडल्या, खरं रडल्या.

मी लिहिलेलं वाक्य खोडलं.

जमैकात जन्मलेले आणि पुढे बर्मिंगहॅमच्या संस्कृती-अभ्यास केंद्राचे प्रमुख झालेले स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये टीव्हीबद्दल मांडलेलं काकूंना चपखल बसतं. करणारा अर्थ भरून पाठवतो, पण पाहणारा तो जसाच्या तसा काढून घेईलच असं नाही. कुणी पूर्ण मान्य करतो, कुणी साफ उलटा लावतो, बरेच जण घासाघीस करतात. बाजारात वांगी घेताना करतो तशीच. काकूंनी पतिव्रता घेतली, पाय धरणं परत केलं.

म्हणून काही काकू बंडखोर ठरत नाहीत. माझे काही विद्यार्थी लगेच तिकडे धावतात. सुनेचं सोसणं हीच गोष्ट ‘साहजिक’ वाटावी, त्यासाठी कुणाला काठी उगारावी लागू नये, याला इटालियन विचारवंत ग्राम्शी धुरीणत्व म्हणतो. मुसोलिनीच्या तुरुंगात वह्या भरभरून त्याने हा विचार केला. काकू हसल्या, पण मंडपातून उठल्या नाहीत. घरच्या सुनेलाही त्या सकाळी चुलीपुढे बसवतातच. ओढाताण दोन्हीकडून चालू असते आणि ती मंडपात ऐकू येते, एवढंच मी म्हणते.

एकदा शहरातल्या एका चर्चासत्रात मी हे वाचलं. चहाच्या वेळी एक प्राध्यापक म्हणाले, “छान आहे, पण हे रंगभूमीत मोडतं का?” २०२३ साली परशुराम खुणेंना झाडीपट्टीतल्या कामासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा अशाच मंडळींचे अभिनंदनाचे मेसेज मी पाहिले. नट तेच, नाटक तेच. दिल्लीचा शिक्का बसला आणि आवड सांगायला लाज उरली नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणाला असता: आपली आवड आपली पायरी दाखवते, म्हणून आपण ती जपून दाखवतो.

हे दुसऱ्यांबद्दल बोलणं सोपं आहे. नाटकात मध्येच रेकॉर्डवर नाच येतो, पोरं शिट्ट्या मारतात, नोटा दाखवतात. मी तेव्हा चहाच्या टपरीकडे जाते. का, तर थंडी फार असते. मागच्या खेपेला परत आले तेव्हा काकूंनी घोंगडीचं टोक माझ्याकडे सरकवलं आणि स्टेजवरची नजर न हलवता म्हणाल्या, “नाच आला का तुमालेच कशी थंडी वाजते व, मॅडम?”