तळहाताचे भूत, मुठीचा भोपळा

न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागला, की घरांपुढच्या हिरवळीवर प्लास्टिकचे सांगाडे उभे राहतात, कुंपणांवर खोटी कोळिष्टके ताणली जातात आणि दारांच्या पायऱ्यांवर नारिंगी भोपळे येऊन बसतात. 2024 साली माझी मुलगी अडीच वर्षांची होती. कोपऱ्यावरच्या एका घरापुढे, जवळून कोणी गेले की लाल डोळे उघडून हात हलवणारे एक भूत उभे केलेले होते आणि त्याची तिने इतकी धास्ती घेतली होती, की पाळणाघराच्या वाटेवर ते घर दिसू लागताच ती माझ्या खांद्यात तोंड लपवी. साडेचार वर्षांच्या मुलाला मात्र आपल्याही दारावर भूत हवे होते आणि ते विकतचे नको, ‘आपण केलेलं’ हवे होते. हातांच्या ठशांची भुते करण्याचा विचार माझ्या मनात आला तो या दोघांच्या ओढाताणीतून. ज्याची भीती वाटते ते आपल्याच तळहातातून निघताना मुलीने पाहिले, तर तिचा धाक थोडा उतरेल, अशी मला आशा होती.

कल्पना अगदी साधी आहे. काळ्या कागदावर पांढऱ्या रंगाने पंजा उमटवायचा आणि मग कागद उलटा फिरवायचा. बोटे खाली आली की ती भुताच्या झग्याची हलती टोके होतात आणि मनगटाकडचा रुंद भाग त्याचे डोके होतो. कोळी करायचा असेल, तर दोन्ही हातांचे ठसे अंगठे वगळून, तळहातावर तळहात येईल आणि बोटे दोन विरुद्ध दिशांना जातील असे उमटवायचे. चार आणि चार बोटे मिळून कोळ्याचे आठ पाय होतात.

रंगाच्या बाबतीत मात्र घाई करू नये, हे मी आधीच ठरवले होते. घरात अ‍ॅक्रिलिक रंगाच्या नळ्या होत्या, पण तो रंग वाळला की पाण्याने न विरघळणारा थर बनतो. कपड्यावरून निघत नाही आणि मुलांच्या कातडीवरून खरवडावा लागतो. म्हणून धुऊन निघणारा टेम्परा रंग आणला. बाटलीवर ‘एपी’ हे अक्षरचिन्ह आहे ना, ते पाहून घेतले. चित्रकलेच्या साहित्यात विषारी घटक नसल्याची तपासणी झाल्याची ती खूण असते. तरीही हात तोंडात घालणाऱ्या मुलांशेजारून उठून जायचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. चिकटवायचे हलते प्लास्टिकचे डोळे दुकानात मोठ्या आकर्षक पाकिटांत मिळतात, पण मी ते आणलेच नाहीत. असले बारीक तुकडे तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात आणि माझी धाकटी त्याच वयाची होती. डोळे काळ्या स्केचपेनने काढायचे, असे ठरले.

सासूबाई ऑगस्टपासून आमच्याकडे आल्या होत्या. शनिवारी, 26 ऑक्टोबरला सकाळी मी टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरली, काळे कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने बसवले, मुलांना बाबांचे जुने शर्ट उलटे, म्हणजे बटणे पाठीवर येतील असे घातले आणि दोन ओली फडकी हाताशी ठेवली. हा सगळा सरंजाम पाहून त्यांनी विचारले, “अगं, दिवाळी चार दिवसांवर आली आणि घरात भुतं कसली करतेस?” प्रश्न रास्त होता. ख्रिस्ती परंपरेत 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन, आणि आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या समजुतीनुसार वर्षाच्या या सांध्यावर मृतांचे आत्मे फिरतात, एवढे मी त्यांना सांगितले. तिकडे पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथले लोक अमेरिकेत आले तेव्हा त्यांना इथला मोठा, कोरायला सोपा भोपळा सापडला आणि दिवा भोपळ्यात गेला. “म्हणजे यांची सर्वपित्री,” त्या म्हणाल्या. तसे नेमके म्हणता येणार नाही, कारण आपण पितरांना जेवायला बोलावतो आणि इथली मुले भुतांचे सोंग घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेट मागतात. पण तो फरक उलगडत बसायला वेळ नव्हता, कारण धाकटीने तोपर्यंत रंगाच्या बाटलीचे टोपण उघडले होते.

माझी पहिली चूक अशी झाली, की मी पसरट ताटलीत रंग ओतला आणि मुलाला त्यात पंजा बुडवायला सांगितला. तळहाताच्या मधल्या खोलगट भागात रंग साचला, बोटांच्या बेचक्या भरल्या आणि कागदावर हात टेकताच तो असा घसरला, की उमटले ते बोटे नसलेले एक पांढरे डबके. मुलगा रडवेला झाला, कारण त्याच्या मनात भूत अगदी ठरलेले होते. तेव्हा मी ताटली बाजूला ठेवली आणि इंचभर रुंदीच्या स्पंजच्या ब्रशने त्याच्या तळहातावर रंगाचा पातळ, सारखा थर दिला. बोटांची पेरे, कडा आणि टोके वेगळी रंगवली. हात टेकवल्यावर मी त्याचे एकेक बोट वरून हलकेच दाबले आणि तळहाताच्या मध्यावरही दाब दिला, कारण लहान मुलांच्या हाताचा तो भाग कागदाला आपोआप लागत नाही. मग एका हाताने कागद धरून, मनगटापासून बोटांकडे असा त्याचा हात सरळ वर उचलला. या वेळी पाचही बोटे सुटी उमटली.

तरीही वाळल्यावर त्या भुताचा रंग राखाडी दिसू लागला. काळ्या कागदावर टेम्पराचा पातळ थर दिला, की खालचा काळा रंग डोकावतो, आणि मी तर रंग सहज पसरावा म्हणून त्यात दोन चमचे पाणी घातले होते. सासूबाई इतका वेळ बाजूला बसून पाहत होत्या. त्यांनी वाटीत बोट बुडवून वर उचलले, टपकणाऱ्या थेंबाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “गौरीच्या पावलांच्या पिठासारखंच आहे हे. फार पातळ झालं की पाऊल पसरतं आणि वाळल्यावर दिसत नाही. बोटाला धरून राहील इतकंच सैल हवं.” सप्टेंबरमध्ये गौरी आल्या तेव्हा आमच्या लाकडी जमिनीवर दारापासून देवघरापर्यंत त्यांनीच तांदळाच्या पिठाची पावले उमटवली होती, त्यामुळे त्यांचा शब्द मी लगेच मानला. पाणी न घातलेला रंग दुसऱ्या वाटीत घेतला. दुसरे भूत वाळल्यावरही पांढरे राहिले. पहिल्या भुतावर मुलाने स्वतःच बोटाने रंगाचा आणखी एक हात फिरवला आणि तेही वाचले.

धाकटीची अडचण निराळी होती. ब्रश तळहाताला लागला की तिला गुदगुल्या होत आणि ती घट्ट मूठ मिटून घेई. मी तीनदा तिची बोटे उघडली. तिसऱ्या वेळी ती हसायची थांबली आणि तिने हात पाठीमागे लपवला. तिची बोटे बळाने सरळ करून ठसा घेणे मला शक्य होते, त्याला एक क्षणही लागला नसता, पण ज्या मुलीची भुताची भीती घालवायची तिचा हात धरून भूत काढायचे, हे मला कसेसेच वाटले. मी ब्रश खाली ठेवला.

तेव्हा सासूबाई उठून आमच्या टेबलाशी आल्या. “मूठच मिटते आहे ना? मग मुठीचंच काहीतरी करू की. आमची पावलं कुठे तळहातानं उमटतात?” असे म्हणून त्यांनी स्वतःची मूठ वळली, करंगळीकडची कड पांढऱ्या रंगात टेकवून वर्तमानपत्रावर दाबली आणि वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले. लहानसे पाऊल उमटले. मुलगी पाठीमागचा हात पुढे आणून टक लावून पाहू लागली. मूठ मिटून पुढच्या बाजूने दाबली, तर बोटांच्या चार पेरांचे चार उभे पट्टे शेजारीशेजारी उमटतात, हे मला त्याच क्षणी लक्षात आले, आणि चार उभे फुगीर पट्टे म्हणजे भोपळ्याच्या फाकीच. मी लाल आणि पिवळा रंग मिसळून नारिंगी केला, तो चपट्या बशीत अगदी पातळ पसरला आणि ती बशी तिच्यापुढे ठेवली. मिटलेल्या मुठीला गुदगुल्या होत नाहीत. तिने मूठ बशीत टेकवली, कागदावर टेकवली, उचलून पाहिली, आणि मग एकामागून एक अकरा भोपळे उमटवले. काही वाकडे, काही एकमेकांवर चढलेले होते. शेवटचे तीन रंग संपत आल्यामुळे फिकट होते. प्रत्येकावर हिरव्या रंगात बुडवलेल्या अंगठ्याचा एक ठसा दिला, की देठ तयार.

अकराव्या भोपळ्यानंतर तिने आपण होऊन हात उघडला. त्यावर रंग लावू का, असे मी विचारले; तिने ब्रश माझ्याकडून घेतला आणि स्वतःचा तळहात स्वतःच रंगवला. रंग मनगटापर्यंत आणि शर्टाच्या बाहीवर गेला, करंगळी तर कोरडीच राहिली, म्हणून तिच्या भुताच्या झग्याला चारच टोके आहेत. डोळे मी काढायला घेतले तेव्हा तिने ‘हसणारं’ असे बजावले, आणि मी त्याला हसरे तोंड काढले.

मुलाचा कोळी त्यामानाने सरळ पार पडला, कारण त्याला बोटे मोजण्यात रस होता. पहिल्या प्रयत्नात अंगठेही उमटले आणि दहा पायांचा प्राणी झाला. मुंग्यांसारख्या कीटकांना सहा पाय असतात आणि कोळ्याला आठ, म्हणून कोळी हा कीटक नाही, हे त्याला त्यावरून सांगता आले. दुसऱ्या वेळी त्याने अंगठे स्वतःहून दुमडून धरले. काळ्यावर काळा कोळी दिसणार नाही, म्हणून तो आम्ही पिवळ्या कागदावर केला.

साहित्यातली एक गोष्ट मी पुढच्या वेळी बदलणार आहे. मुलांच्या चित्रकलेचा म्हणून मिळणारा सुटा काळा कागद ओल्या रंगाने आक्रसतो आणि कडा वळतात. शिवाय तो उजेडात काही महिन्यांत विटतो. ठसे राखून ठेवायचे असतील, तर जाड कार्डपेपरच घ्यावा. आमचे कागद मी वाळल्यावर रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवले, तेव्हा ते बरेच सपाट झाले. मागे प्रत्येकाचे नाव, तारीख आणि हाताची लांबी लिहिली: मुलीची मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 11 सेंटिमीटर, मुलाची 13.

त्या वर्षी 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. पहाटे मुलांना उटणे लावून अभ्यंगस्नान घातले आणि संध्याकाळी तीच मुले मांजर आणि अंतराळवीर होऊन बाहेर पडली. दारावर दोन भुते, एक कोळी आणि भोपळ्यांचा कागद होता. खाली उंबऱ्याशी सासूबाईंची रांगोळी आणि दोन पणत्या होत्या. कोपऱ्यावरच्या घराशी आल्यावर मुलीने माझा हात घट्ट धरला, पण तोंड लपवले नाही. लाल डोळ्यांच्या भुताकडे ती रस्त्याच्या पलीकडून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “याला बोटं नाहीत.” जवळ जायला ती तयार नव्हती आणि मीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते, म्हणून सकाळी सासूबाईंनी दारावरची भुते आणि कोळी काढून फ्रिजच्या कडेला लावले. भोपळ्यांचा कागद मात्र त्यांनी राहू दिला. तिन्हीसांजेला त्या पिठाची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसल्या तेव्हा मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन उकिडवी बसली, तिने मूठ वाटीत बुडवली आणि लक्ष्मीच्या दोन पावलांच्या मध्ये टेकवली. चार पट्टे उमटले. मग तिने अंगठा पिठात बुडवून त्यांच्यावर देठ दिला. सासूबाईंनी तो पुसला नाही. पुढचे पाऊल थोडे बाजूने घेतले.