वंशवादाला नाकारणाऱ्या आनुवंशिकीतज्ज्ञ

शाळेत जीवशास्त्राच्या बाईंनी उंच-बुटक्या वाटाण्यांचे कोष्टक फळ्यावर मांडून मेंडेल शिकवला आणि मी वनस्पती-प्रजननाकडे वळले. म्हणून स्मरणिकेसाठी स्वतःविषयी लिहिण्यापेक्षा याच शास्त्रातील एलिझाबेथ शीमान यांच्याविषयी लिहावे असे वाटले.

शीमान यांचा जन्म 1881 साली, आज एस्टोनियात असलेल्या व्हिल्यांडी गावचा. वाढल्या मात्र बर्लिनमध्ये. प्रशियातील विद्यापीठांनी स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो 1908 साली आणि 1912 मध्ये त्यांनी आनुवंशिकीतज्ज्ञ एर्विन बाउर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी जव हे पीक अभ्यासाला घेतले. हिवाळी जव वसंतात पेरला, तर आधी सोसायची थंडी न मिळाल्याने तो नुसता पानावर वाढत राहतो, लोंबी धरत नाही. उन्हाळी जवाला ही अट नसते. हा गुण पुढच्या पिढ्यांत कसा उतरतो, यावरचे त्यांचे 1924 चे काम प्रजननाच्या विद्यार्थ्याला आजही जवळचे वाटेल.

नाझींनी आनुवंशिकीच्या नावाने वंशश्रेष्ठत्वाचे जे थोतांड उभे केले, त्याला शास्त्राचा आधार नाही हे ओळखणारे थोडे नव्हते. मात्र बहुतेकांनी नोकरी सांभाळून गप्प राहणे पसंत केले. (त्याच बर्लिनमध्ये काही वर्षे आधी इरावती कर्वे यांनी, कवटीच्या मोजमापांतून मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना हवा असलेला वंशभेदाचा निष्कर्ष निघत नाही, असे प्रबंधात मांडले होते.) शीमान ज्यूंच्या छळाविरुद्ध आणि वंशसिद्धान्ताविरुद्ध उघड बोलल्या, हिटलरला न जुमानणाऱ्या प्रोटेस्टंट गटात राहिल्या. परिणामी 1940 साली विद्यापीठात शिकवण्याचा त्यांचा अधिकार काढून घेण्यात आला. 1943 मध्ये व्हिएन्नाजवळच्या नव्या संशोधन संस्थेत त्यांना विभाग मिळाला, म्हणजे व्यवस्थेने त्यांना पुरते बाहेर टाकले नव्हते. तरीही भूमिगत झालेल्या आंद्रेआ आणि व्हालेरी वोल्फेनस्टाइन या ज्यू भगिनींना मदत करण्याचा धोका त्यांनी पत्करला. पकडले गेल्यास काय होईल, हे त्या काळी बर्लिनमध्ये कोणाला सांगावे लागत नव्हते. दोघी बहिणी युद्धातून वाचल्या.

1946 साली, साठी ओलांडल्यावर, शीमान पुन्हा बर्लिनमध्ये प्राध्यापक झाल्या आणि पिकांच्या उगमाचा आपला जुना अभ्यास त्यांनी पुढे चालू ठेवला. 1972 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्यूंना वाचवणाऱ्यांचा सन्मान करणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्यांचे नाव आपल्या यादीत घेतले ते 2014 साली.