पुण्यात राहून गावच्या कोंबडीचे आजारपण काढताना

माझ्या आईच्या कोंबड्या संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वाडीत आहेत आणि मी नोकरीसाठी पुण्यात राहते. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे घरी पोहोचायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो, त्यामुळे कोंबडी आजारी पडली म्हणून लगेच उठून जाणे मला शक्य होत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमची तांबडी कोंबडी देवीच्या आजाराने (इंग्रजीत फाउल पॉक्स) बसली, तेव्हा तिची बहुतेक शुश्रूषा मला फोनवरूनच करवून घ्यावी लागली. घरापासून दूर राहून गावी कोंबड्या सांभाळणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तो सारा अनुभव येथे लिहीत आहे.

आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि तिला डोळ्यांना जपायचे होते, म्हणून कोंबड्यांकडे शेजारची काकी पाहत होती. तांबडी खुराड्यातून बाहेर पडत नाही, एका कोपऱ्यात पिसे फुलवून बसते, एवढेच मला पहिल्यांदा कळले. कोंबडी कोणत्याही आजारात अशीच बसते, त्यामुळे एवढ्या वर्णनावरून काहीच ठरवता येत नव्हते. काकीच्या नातीने दिवसाउजेडी जवळून फोटो काढून पाठवले, तेव्हा तुऱ्यावर आणि चोचीच्या मुळाशी मसुराएवढ्या पिवळसर गाठी दिसल्या. त्यांतील काहींवर तपकिरी खपली धरू लागली होती आणि उजव्या डोळ्याच्या पापण्या सुजून जवळजवळ मिटल्या होत्या.

हे फोटो मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना दाखवले. त्यांनी गाठींबद्दल विचारण्याआधी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, शंका दूर केली. आणखी कोंबड्या मेल्या आहेत का, मान वाकडी होते का, पाय किंवा पंख लुळे पडले आहेत का, कोंबडी चोच उघडी टाकून श्वास घेते का, असे त्यांचे प्रश्न होते. विष्ठेचा फोटोही त्यांनी मागवला. विष्ठा हिरवट आणि पातळ असल्याने मी घाबरले होते, कारण मानमोडीतही हिरवी हगवण लागते. पण कोंबडीच्या पोटात दाणा गेला नाही तरी विष्ठा हिरवी पडते, हे त्यांनी समजावून सांगितले. बाकीच्या कोंबड्या चरत होत्या, मानमोडीची लस सर्वांना टोचलेली होती आणि गाठी अगदी ठळक होत्या, त्यामुळे निदान देवीचे झाले.

हा आजार विषाणूचा असल्याने त्यावर नेमके औषध नाही. डास चावल्याने किंवा एकमेकींना टोचून झालेल्या जखमांतून तो पसरतो, आणि गाठींच्या खपल्या होऊन त्या गळेपर्यंत साधारण 2 ते 4 आठवडे जातात. बाहेरून दिसणारा हा प्रकार बहुतेक कोंबड्या निभावून नेतात. तोंडाच्या आत आणि घशात पिवळे चिकट थर धरले, तर मात्र श्वास कोंडून कोंबडी दगावू शकते. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि माझे पुढचे सगळे वागणे तिच्यावरच बेतलेले होते. डोळे मिटलेल्या कोंबडीला दाणा दिसत नाही, म्हणून ती खात नाही, आणि पुष्कळ कोंबड्या देवीने मरण्याऐवजी भुकेने मरतात.

तेव्हापासून मी "तांबडी कशी आहे?" हा प्रश्न विचारणे सोडून दिले. त्याचे उत्तर नेहमी "बरी आहे" असेच येई, कारण काकीला माझ्या जिवाला घोर लावायचा नसे. त्याऐवजी, डोळ्यांनी पाहता येईल, हाताने चाचपता येईल किंवा काट्यावर तोलता येईल, असेच मी विचारू लागले. सकाळी दाणा देण्यापूर्वी गळ्याखालची पिशवी हाताला कशी लागते, संध्याकाळी ती भरलेली असते का, पाण्याच्या वाटीतले पाणी किती कमी झाले, आणि वजन किती भरले. वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा घेतला. तांबडीला टोपलीत बसवून तोलायचे आणि टोपलीचे वजन वजा करायचे. एरवी 1300 ग्रॅमच्या आसपास असणारी कोंबडी पहिल्याच तोलात 1090 ग्रॅम भरली. गावरान कोंबडीच्या पिसाऱ्याखाली किती अंग उरले आहे ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून दूर राहणाऱ्याने घरात असा काटा ठेवावाच, असे मला मनापासून वाटते.

भरवण्याचे काम काकीने केले आणि ते काम सोपे नव्हते. भिजवलेला खाद्याचा चुरा आणि उकडलेल्या अंड्याचा बलक एकत्र मळून ती बोराच्या बीएवढ्या गोळ्या करी, कोंबडीला फडक्यात गुंडाळून मांडीवर धरी आणि चोच अलगद उघडून एकेक गोळी जिभेवर ठेवी. पाणी मात्र तोंडात ओतायचे नाही, यावर डॉक्टरांनी फार भर दिला होता. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागेच असते आणि ओतलेले पाणी सहज फुप्फुसात जाते. म्हणून चोचीच्या कडेला थेंब लावायचा आणि तो तिने स्वतः गिळेपर्यंत थांबायचे. पहिल्यांदा हे होत असताना मी फोनवर सारे पाहत होते. तांबडीने थेंब घेऊन मान वर केली आणि घोट खाली उतरला, तेव्हा काकी माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "घेतलंन् बघ पाणी."

डोळ्यासाठी अर्धा लिटर पाणी उकळून त्यात लहान चमचाभर मीठ घातले जाई. त्या कोमट पाण्यात कापूस भिजवून तो पापणीवर काही मिनिटे नुसता धरायचा आणि चिकटलेली घाण आपोआप सुटली तरच पुसून घ्यायची. खपली ओढायची नाही. तसे केल्यास खाली ओली जखम होते आणि तिच्यात जिवाणू शिरतात. इतर खपल्यांना काकी खोबरेल तेलात हळद कालवून लावत असे, त्याला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, फक्त ते डोळ्यात जाऊ देऊ नका म्हणाले. प्रतिजैविक द्यायचे की नाही हे त्यांनी पापणीला पू धरतो का ते पाहून ठरवायचे ठेवले होते आणि सुदैवाने ती वेळ आली नाही. रोज उजेडात चोच उघडून आत पिवळा थर नाही ना ते पाहिले जाई, आणि रात्री सगळे शांत झाल्यावर नात फोन डालग्याशी धरून श्वासाचा आवाज मला ऐकवत असे. घरघर ऐकू आली असती तर भल्या पहाटे रिक्षा करून तिला दवाखान्यात न्यायचे, हे आधीच ठरलेले होते.

आजारी कोंबडी मरण्यापूर्वी कापून टाकावी, हा सल्लाही वाडीत मिळाला. आईने तो साफ नाकारला, कारण तांबडी खुडूक बसली की एक अंडे वाया जाऊ देत नाही, आणि मलाही आईचेच म्हणणे पटत होते. शिवाय आजारी कोंबडीची पिसे आणि रक्त अंगणात पडले की रोग पसरण्यास आणखी एक वाट मिळते. तांबडीला पडवीत डालग्याखाली वेगळे ठेवून वर जुनी मच्छरदाणी टाकली. सकाळी आधी निरोगी कोंबड्यांचे करायचे, मग तांबडीचे, आणि त्यानंतर हात साबणाने धुवायचे, असा क्रम काकीने अखेरपर्यंत पाळला. नारळाच्या करवंट्या आणि फुटके डबे यांत साचलेले पाणी ओतून टाकले, कारण डास तेथेच वाढत होते.

सर्वांत जास्त खटपट लसीची झाली. आमच्याकडे मानमोडीची लस लोक मागून घेतात, पण देवीची कुणी मागत नाही. डॉक्टरांच्या मते ज्या कोंबड्यांना अजून लक्षणे नव्हती त्यांना ती ताबडतोब टोचल्यास उपयोग होणार होता. अडचण अशी की एका कुपीत कितीतरी कोंबड्यांना पुरेल एवढी लस असते आणि ती एकदा द्रावणात मिसळली की थोड्या तासांत संपवावी लागते. आमच्या मूठभर कोंबड्यांसाठी कुपी फोडणे म्हणजे उरलेली लस ओतून देणे. म्हणून मी वाडीतल्या घरोघरी फोन केले. काहींना हा आजार माणसाला लागतो अशी भीती होती, त्यांना तसे होत नाही हे सांगावे लागले. कांजिण्यांशीही त्याचा काही संबंध नाही. लसीकरणाच्या सकाळी कुणीही खुराडे उघडू नये, एवढी एकच विनंती मी सर्वांना केली, कारण मोकळ्या सुटलेल्या कोंबड्या दिवसभर हाती लागत नाहीत. पशुधन पर्यवेक्षक बर्फाच्या डब्यात कुपी घेऊन आले आणि पंखाच्या पातळ पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचत घरोघरी फिरले.

लस लागली की नाही हे आठवड्याभराने टोचलेल्या जागी गाठ आली आहे का त्यावरून समजते. ते पाहायला मी सुट्टी घेऊन स्वतः गेले. अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात एकेका कोंबडीचा पंख उलगडून पाहिला. बहुतेकींना गाठ होती, दोघींना नव्हती, त्यांची नावनिशी पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवली. तांबडीचा डोळा तोवर अर्धा उघडला होता आणि ती ताटलीतले भिजवलेले तांदूळ स्वतः टिपत होती. गळून पडलेल्या खपल्या काकी वेचून चुलीत टाकत असे, कारण वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. मी डालग्याखालचे गवतही जाळून टाकले आणि जमीन चुन्याने सारवून घेतली.

तांबडीचे वजन 1240 ग्रॅमच्या पुढे गेल्यावर तिला पुन्हा कळपात सोडले. अंडी सुरू व्हायला बराच वेळ लागला. वाडीतील नवी पिल्ले 6 ते 8 आठवड्यांची झाली की देवीच्या लसीसाठी पुन्हा सर्वांनी मिळून कुपी मागवायची, असे ठरले आहे, आणि कोणाच्या घरी किती पिल्ले निघाली त्याची यादी काकीची नात ठेवते.