प्लायच्या टीव्ही युनिटवरचे स्पीकर आणि खालचे मऊ पाय : माझा अनुभव

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये स्पीकर स्टँडला जागाच नाहीये, त्यामुळे बुकशेल्फ स्पीकर (कपाटावर मावतील असे छोटे) टीव्ही युनिटवरच ठेवावे लागतात, आणि युनिट म्हणजे १८ एमएम प्लायचं, आतून पोकळ, काचेची शटर. तबला लावला की डग्ग्यावर मनगट सरकवल्यावर जो घुमारा हळूहळू वर चढतो ना, तो चढताना ऐकूच यायचा नाही, सगळं एकाच जागी घूं करून बसायचं. मला तबला मनापासून आवडतो म्हणून हे फारच खुपत होतं.

पैसे घालायच्या आधी नक्की हलतंय काय ते बघायचं ठरवलं. युनिटवर तळहात ठेवला तर बेसबरोबर हाताला मुंग्या येत होत्या. मग फोनवर फायफॉक्स टाकलं, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात फोनच्या अ‍ॅक्सेलरोमीटरवरून कंपनं मोजता येतात. फोन युनिटवर आडवा ठेवायचा, टोन जनरेटरवरून (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एकच सूर वाजवणारं साधन) ४० हर्ट्झपासून हळूहळू वर जायचं, आवाज तोच ठेवायचा. ९० च्या आसपास आलेख एकदम उसळला आणि त्याच वेळी काचेचं शटर खुळखुळायला लागलं. म्हणजे युनिट स्वतःच तिसरा स्पीकर झालं होतं. शटरच्या फटीत आधी फेल्टच्या टिकल्या लावल्या, खुळखुळ तिथेच थांबली, पण घूं तसाच.

आता पाय, म्हणजे कंपनं युनिटमध्ये उतरू नयेत म्हणून स्पीकरखाली ठेवायचे मऊ तुकडे. घरात वॉशिंग मशीनखालचे रबरी पॅड होते, ते आधी लावून बघितले आणि आलेखात जेमतेम फरक. कारण साधं आहे, ते बनवलेले असतात साठसत्तर किलोच्या मशीनसाठी आणि माझा एक स्पीकर साडेसात किलोचा, त्याच्या वजनाने ते दबतच नाहीत. आणि न दबणारं रबर कंपनं अडवत नाही, आरपार जाऊ देतं. म्हणजे वस्तू आणि खालची स्प्रिंग (इथे रबरी पाय) मिळून एक स्वतःची फ्रिक्वेन्सी असते, तिच्या साधारण १.४ पटीच्या वर गेलं की मगच अडवणं सुरू होतं, खाली काहीच नाही, आणि त्या फ्रिक्वेन्सीवर तर उलट वाढतं. पाय वजनाने जितका जास्त दबेल तितकी ही फ्रिक्वेन्सी खाली जाते. १ एमएम दबला तर हिशेबाने साधारण १६ हर्ट्झ, ०.१ एमएमच दबला तर ५०. रबर प्रत्यक्षात हिशेबापेक्षा जरा कडकच वागतं, त्यामुळे थोडं वरच धरायचं. म्हणून कोणी नुसतं "हे पाय भारी आहेत" म्हणालं तर त्याला आधी विचारा, किती किलोसाठी?

कॅनडाच्या आयसोअकूस्टिक्सचे गाया पाय बघितले होते, पण ते स्पाइकच्या (स्पीकरखालच्या टोकदार धातूच्या पायांच्या) आट्यांमध्ये बसवायचे असतात आणि माझ्या स्पीकरला खाली आटेच नाहीत. शेवटी सॉर्बोथेनचे, म्हणजे कंपनं शोषणाऱ्या रबरासारख्या मऊ पदार्थाचे, अर्धगोल मागवले, त्यातले मऊवाले. स्पीकर वजनकाट्यावर ठेवून चारने भागलं, पायामागे दोन किलोला थोडं कमी, आणि त्या वजनात बसणारा आकार निवडला. एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे ड्रायव्हरचं (आवाज काढणाऱ्या गोल भागाचं) मॅग्नेट पुढे असतं, वजन पुढेच जास्त, त्यामुळे चार कोपऱ्यांत सारखे पाय ठेवले तर स्पीकर पुढे झुकतो. पुढचे कोपऱ्यातच ठेवून मागचे दोन थोडे पुढे, मध्याकडे सरकवत गेले, वर स्पिरिट लेव्हल ठेवून, बुडबुडा मधे येईपर्यंत. २० एमएमचा पाय अडीचेक एमएम दबला, म्हणजे बरोबर बसला. आणि सॉर्बोथेन थेट सनमायका किंवा व्हिनीअरवर ठेवू नका, तेलकट डाग पडू शकतो, मी खाली पातळ स्टीलच्या चकत्या ठेवल्यात.

फोन परत तिथेच ठेवून मोजलं तर ९० ची उसळी जवळजवळ सपाट! तळहाताला काही लागत नाही. आणि डग्गा, अहो काय सांगू, घुमारा वर चढताना आता प्रत्येक पायरी ऐकू येते, तानपुऱ्याचा खर्जही मोकळा झाला. मी नवऱ्याला न सांगता लावून दाखवलं तर तो पहिल्यांदा म्हणाला आवाज कमी केलास का, कारण तो जादाचा फुगवटा गेला होता.

एक गोष्ट मात्र अजिबात बदलली नाही. आमचा हॉल साडेतीन मीटर रुंद आहे, त्यामुळे ४९ हर्ट्झला खोलीच घुमते, दोन भिंतींमधला प्रकार आहे तो, त्याला पाय काय करणार. तिथे स्पीकर भिंतीपासून पुढे ओढल्यानेच थोडं बरं वाटलं.

भावाकडे मोठे फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर आहेत, थेट स्लॅबवरच्या फरशीवर. त्याच्याकडेही फोन ठेवून बघितला, फरशी हलतच नव्हती म्हणायला हरकत नाही, म्हणून त्याला महागडे पाय घेऊ दिले नाहीत, त्या पैशात जाड गालिचा आणि पडदे घे म्हटलं. फक्त त्याच्या सबवूफरखालची (फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरखालची) एक फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते, तिथे तो वाजला की फरशीसकट गुणगुणतो. सब शेजारच्या भरीव फरशीवर सरकवलाय आणि त्याच्या वजनाचे पाय शोधतोय.