फौजेचा हिशेब

मिहिरला ‘वॉरहॅमर ४०,०००’, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या सैनिकांची फौज रंगवून टेबलावर लढवण्याचा माझा हा खेळ, सुरू करून द्यायचा तर साधारण किती खर्च येईल, असे दादाने आज सहज विचारले आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर बरे झाले असते, कारण टोमण्यांना द्यायची उत्तरे माझ्याकडे केव्हाचीच तयार आहेत. पण त्याला खरोखरच आकडा हवा होता आणि तो सांगताना माझा आवाज उगाचच खाली गेला.

मुळात आकडा एक नसतोच. दोन लहान फौजा, फासे आणि नियम असलेला सुरुवातीचा संच त्या मानाने स्वस्त पडतो. पण ‘वॉरहॅमर ४०,०००’चा नेहमीचा सामना २,००० गुणांच्या फौजेचा धरला जातो (प्रत्येक तुकडीचे गुण ठरलेले असतात) आणि तिथवर पोहोचेपर्यंत कितीतरी खोकी घरात येतात. शिवाय कटर, प्लास्टिकचा गोंद, रंगाआधी द्यायचा प्राइमर, ब्रश, रंग आणि सर्वांत शेवटी आठवणारे ६० बाय ४४ इंचांचे मोकळे टेबल. नियमांच्या नव्या आवृत्त्या २०१७, २०२० आणि २०२३ साली आल्या, म्हणजे जुने पुस्तक दर तीन वर्षांनी बाद, हे मी घाईघाईने सांगून टाकले.

मग माझ्या मनाला लागले ते काय? पैसे नव्हेत, इतर गोष्टींवर मी जे उडवते त्याचा हिशेब मला कोणी विचारत नाही आणि मीही ठेवत नाही. लागले ते असे की दादाने पुढे, “यातले रंगवून झालेले किती?” असे विचारले आणि त्याची नजर फळीवरच्या राखाडी सैनिकांवर गेली. न रंगवलेल्या खोक्यांच्या राशीला या छंदातले लोक हसत हसत ‘लाजेचा ढीग’ म्हणतात. मला आज हसू आले नाही.

एक सैनिक नीट रंगवायचा तर प्राइमर, मूळ रंग, खोलगट भागांत उतरणारा पातळ वॉश, मग कडांवर फिकट रेघ आणि शेवटी पायाखालची माती, असा प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहत जावे लागते. दादाला सांगितलेल्या आकड्यात हे तास नव्हतेच. ते खर्चाच्या बाजूला मांडावेत की कमाईच्या, हे मला अजूनही ठरवता येत नाही, कारण त्या वेळात डोक्यातली बाकीची कटकट थांबते हे जितके खरे, तितकेच दहाव्या सैनिकाचा तोच बूट रंगवताना जीव विटतो हेही खरे. आणि इतके करून समोर बसायला माणूस लागतो, जो कोणत्याच खोक्यात मिळत नाही. पूर्वी तो होता. असो.

वास्तविक खेळाला एवढे काही लागत नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ यांचा युद्धखेळ आला तेव्हा अधिकारी नकाशावर साधे ठोकळेच सरकवत असत. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम छापले, ते लाकडी तुकडे फेकणाऱ्या स्प्रिंगच्या तोफांसाठी. पन्नाशीकडे झुकलेला तो नामवंत लेखक जमिनीवर बसून नेम धरत असे, हे आठवले की माझी फळी मला बरीच शहाणपणाची वाटू लागते. आज ‘वन पेज रूल्स’चे मूळ नियम फुकट मिळतात, कागदी सैनिकही चालतात आणि ‘किल टीम’सारख्या खेळात मोजक्या सैनिकांवर भागते. महाग आहे ती फौज, आणि ती मला हवी आहे म्हणून मी घेते. याहून भारदस्त कारण शोधत बसण्यात आजची संध्याकाळ गेली.

मिहिरसाठी संच विकत घेऊ नकोस, असे दादाला उद्या कळवीन. माझ्याच ढिगातले दहा सैनिक मी त्याला देणार आहे. रंगवायचे काम तेवढे कमी होईल आणि टेबलापलीकडे कोणीतरी बसेल, हा माझा स्वार्थ त्यात आहे, पण तो दादाला सांगण्याची गरज नाही.