काठी सोडली नाही

रविवार, रात्री साडेदहा

डाव्या हाताने टाइप करतोय. उजवा अंगठा मनगटापासून प्लास्टरमध्ये, सदा ‘मस्त!’ म्हणत असल्यासारखा ताठ. सकाळपासून सोसायटीतल्या तिघांनी आपलाही अंगठा दाखवून दाद दिली.

स्की शिकायला काश्मीरमधल्या गुलमर्गला जायचं ठरवलं तेव्हा धास्ती एकच होती, बर्फ नसण्याची. 2024 च्या जानेवारीत तिथलं कुरण कोरडंठाक पडलं होतं, म्हणून आम्ही फेब्रुवारी धरला. तर आम्ही पोचलो त्याच संध्याकाळी पश्चिमी विक्षोभही पोचला. भूमध्य समुद्राकडून आलेला हा बर्फ पाडणारा पाहुणा तीन दिवस हलला नाही. पायथ्याच्या टंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधून वर आलो ते थेट खोलीत. गोंडोला म्हणजे रोपवे बंद, अफरवतचं शिखर दिसेना, खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा. बुखारीभोवती, म्हणजे खोलीतल्या शेगडीभोवती, बसून चौघांनी मेंढीकोटाचे इतके डाव टाकले की दश्श्या बघितला तरी मळमळायला लागलं. घरचा चिवडा दुसऱ्याच दिवशी संपला.

चौथ्या दिवशी लख्ख ऊन. गोंडोलाचा कोंगदोरीपर्यंतचा पहिला टप्पा सुरू झाला, वरचा हिमस्खलनाच्या भीतीने बंदच. आम्हा नवशिक्यांना काय, खालचा गोल्फ मैदानाजवळचा उतारच पुष्कळ होता. स्कीची टोकं आत, टाचा बाहेर, की वेग कमी. याला तिथे सगळे ‘पिझ्झा’ म्हणतात. शिकवणाऱ्या दादांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “साहब, गिरना हो तो डंडा छोड़ देना.” सहा वेळा पडलो, भुसभुशीत बर्फात काही लागलं नाही.

सातव्यांदा पडलो ते सपाटीवर. वेळ संपली होती, सामान परत करायला निघालो होतो. डाव्या स्कीवर उजवी चढली आणि तोल गेला. पडता पडता डोक्यात काय आलं? भाड्याची काठी आहे, मोडली तर डिपॉझिट जाईल. मूठ आणखी आवळली. काठी तळव्यात राहिली आणि अंगठा बाहेरच्या बाजूला ढकलला गेला. तेव्हा नुसतं चमकलं. संध्याकाळी कहव्याचा कप उचलेना.

पुण्यात परतल्यावर डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूचा लिगामेंट अर्धवट फाटल्याचं सांगितलं. पूर्ण तुटून सरकला असता तर ऑपरेशन होतं. या दुखण्याला ‘स्कीअर्स थंब’ म्हणतात. दोन तास स्की केलेल्या माणसाला एवढी पदवी! उगाच छाती फुगली, घरी येईपर्यंत टिकली. मग शर्टाचं बटण लागेना, पोळीचा तुकडा मोडेना. स्कूटर तर विसराच, ॲक्सिलरेटर उजव्याच हातात. आईने वरणभातात चमचा ठेवला आणि म्हणाली, “पर्वती चढला असतास तर जेवायला तरी आला असतास धड.”

काल रिक्षा सिमला ऑफिसच्या सिग्नलला अडकली. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला या इमारतीत आलं, म्हणून हे नाव. तिकडे तीन दिवस मी याच खात्याच्या नावाने बोटं मोडत होतो. खरं तर आम्ही निघायच्या आधीच बर्फाचा इशारा मोबाईलवर आला होता. “अंदाजच तो,” म्हणत मीच बॅगा भरल्या होत्या.

डिपॉझिट मात्र पूर्ण मिळालं. दुकानदाराने काठी बघितलीसुद्धा नाही, मागे न वळताच कोपऱ्यातल्या ढिगावर भिरकावली.