ढालीचा रंग झाला, क्लिअर कोटनं मात्र परीक्षा बघितली

ढाल एकदाची पूर्ण झाली! फायबरग्लासची, गोल, साधारण ६० सेंमीची, लाल आणि चंदेरी कड्यांची. बनवायला जेवढे दिवस लागले त्यापेक्षा जास्त दिवस रंगाला लागले आणि त्यातलाही निम्मा वेळ नुसतं घासण्यात गेला.

लांबी (पुट्टी) भरून १८० आणि मग ३२० नंबरच्या सँडपेपरनं घासलं, वर प्रायमर. हाताला गुळगुळीत लागतं म्हणून खूश होऊ नका, अंधारात टॉर्च आडवा धरून बघा, सगळे खड्डे दिसतात. मला तीनदा परत लांबी भरावी लागली.

चंदेरीच्या खाली चकचकीत काळा मारला, त्यानं धातूला खोली येते. चंदेरी नीट सुकल्यावर ढाल फिरत्या स्टुलावर ठेवली, स्कॉचब्राइट एका जागी हलक्या हातानं टेकवून धरलं आणि ढाल हळूहळू फिरवली. त्यानं बारीक गोल ओरखडे उमटतात आणि लेथवरून उतरवल्यासारखी दिसायला लागते. ह्या कामातला हा माझा सगळ्यात आवडता भाग, मी कितीतरी वेळ ती नुसती फिरवून बघत बसलो होतो.

लाल कड्यांसाठी अरुंद, ६ मिमीची मास्किंग टेप घ्या, रुंद टेप गोलाईला चुण्या पाडते. कडा नखानं दाबून घेतल्या आणि लालच्या आधी टेपच्या कडेवर क्लिअरचा (बिनरंगी पारदर्शक थराचा) पातळ हात मारला, म्हणजे खाली जे काही झिरपायचं ते क्लिअरच झिरपतं आणि लाल रेष धारदार येते.

आता क्लिअर कोट. साध्या लॅकर क्लिअरचा पहिला हात मी दमट हवेत मारला आणि दहा मिनिटांत ढालीवर दुधासारखी साय आल्यासारखं झालं, पोटात गोळाच आला. होतं असं की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्या थरात अडकते. घासायची घाई केली नाही, कोरड्या दिवशी त्यावरच पातळ हात मारला, खालचा थर परत सैल झाला आणि साय निघून गेली.

पुढचे हात मात्र टू-के क्लिअरचे (हार्डनर मिसळून घट्ट होणारं, दोन भागांचं क्लिअर), कारण ढाल हाताळायची आहे. आधी फालतू तुकड्यावर मारून बघा, काही चंदेरी रंग क्लिअरखाली राखाडी पडतात. आणि हे मनापासून सांगतोय, टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुफ्फुसांना वाईट, कापडी किंवा धुळीचा मास्क अजिबात चालत नाही, ऑरगॅनिक व्हेपरची (थिनरसारख्या रसायनांची वाफ अडवणारी) कार्ट्रिज आणि फवाऱ्याचे कण अडवणारा फिल्टर असलेला रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा घाला आणि उघड्यावरच मारा. पहिला हात नुसता भुरभुरता, पुढचे दोन ओले, स्प्रे कॅन २०-२५ सेंमीवर, आणि हात थांबवू नका, थांबलात की ओघळ.

आठवड्यानं १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरनं पाणी लावून घासलं. पाणी पांढरं येतंय तोवर क्लिअरच निघतोय, लालसर दिसलं की तिथेच थांबायचं. बाहेरच्या काठावर तर मी पेपर नेलाच नाही, तिथे थर सगळ्यात पातळ असतो. मग चकाकीसाठी पॉलिशिंग कंपाउंड.

काल ट्यूबलाइटखाली धरली तर उजेडाचा पट्टा त्या गोल ओरखड्यांवरून पंख्यासारखा फिरत होता. आता मागचे चामड्याचे पट्टे बसवायचे राहिलेत.